बदल आत्ता कुठे आहे? चौघांनी मिळून गिटहबवर पहिला प्रकल्प करताना

गिट म्हणजे फायलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि रेपो म्हणजे प्रकल्प आणि त्याच्या बदलांचा सगळा इतिहास. गिटमध्ये तुम्ही केलेला बदल चारपैकी एका जागी असतो: तुमच्या फोल्डरमध्ये, स्टेजिंगमध्ये (नोंदीसाठी निवडलेले बदल), लॅपटॉपवरच्या रेपोमध्ये किंवा गिटहबवरच्या रेपोमध्ये. फाइल सेव्ह केली की तो पहिल्या जागी आला. ‘गिट ॲड’ दिलं की दुसऱ्या, ‘गिट कमिट’ दिलं (म्हणजे बदलाची नोंद केली) की तिसऱ्या आणि ‘गिट पुश’ दिलं की चौथ्या. नवख्यांची बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. “अरे, मी कमिट मारलंय, तुला दिसत कसं नाही?” कमिट तिसऱ्या जागी आहे आणि मित्राला फक्त चौथी दिसते. म्हणून काही अडलं की लगेच नवी आज्ञा शोधायला जाऊ नका. बदल आत्ता कुठे आहे ते आधी ठरवा.

गिट आणि गिटहब एकच नव्हे. गिट लॅपटॉपवर चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. लिनक्स कर्नलच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपरची फुकट वापराची सवलत बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. जगभर विखुरलेल्या माणसांनी एकाच कोडवर काम करायचं, तर प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत हवी, ही त्याची बैठक. गिटहब २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. ते रेपोची एक प्रत सर्व्हरवर ठेवतं आणि भोवती चर्चा, तपासणी, परवानग्या यांची सोय करतं. गिटलॅब आणि बिटबकेट हेही त्याच कामाचे. गिटलॅबवर पुल रिक्वेस्टला, म्हणजे ‘माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ या विनंतीला, मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. रोजच्या वापरापुरतं बाकी बरंचसं सारखंच आहे.

उदाहरण म्हणून शेवटच्या वर्षाचा चौघांचा गट धरू. प्रकल्प आहे बाजार समित्यांमधले कांद्याचे दर दाखवणारं पायथनमधलं छोटं वेब ॲप. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत टंकायच्या, आणि वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सगळी अक्षरं छोटी.

## खातं आणि किल्ली

खातं स्वतःच्या ईमेलवर काढा, कॉलेजच्या नको. कॉलेज सुटल्यावर तो मेल बंद झाला तर खात्याची दुरुस्ती अवघड होते. कॉलेजचा पत्ता दुसरा म्हणून जोडता येतो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करताना गिटहब १६ रिकव्हरी कोड देतं. ते त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवण्यात अर्थ नाही, कारण हरवणार तोच फोन असतो. कागदावर छापून ठेवा.

विंडोजवर गिट बसवताना मधल्या एका पडद्यावर एडिटर विचारतात. तिथे आपोआप विम निवडलेला असतो; तो बदलून नोटपॅड किंवा व्हीएस कोड करा. नाहीतर कधीतरी गिट अचानक विम उघडतं आणि बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. तसं झालंच तर एस्केप दाबून कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर.

मग स्वतःची ओळख सांगा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल यूझर.नेम “तुमचं नाव”
गिट कॉन्फिग --ग्लोबल यूझर.ईमेल “गिटहबवर नोंदवलेला पत्ता”

पत्ता गिटहबवरच्या एखाद्या पत्त्याशी जुळला नाही तर काम तुमचं, पण कमिट तुमच्या खात्याच्या नावे लागत नाही. गाइड कोणाचे किती कमिट ते बघून गुण देणार असतील तर हे पहिल्याच दिवशी तपासून घेतलेलं बरं. पत्ता जगजाहीर नको असेल तर सेटिंग्जमधल्या ईमेल भागात गिटहब स्वतःचा नो-रिप्लाय पत्ता देतं, तो वापरा.

आता किल्ली. जुने व्हिडिओ बघून टर्मिनलमध्ये खात्याचा पासवर्ड टाकत बसू नका. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब गिटच्या कामांसाठी तो स्वीकारत नाही. टोकन (गिटहबकडून पासवर्डऐवजी घेतलेली सांकेतिक अक्षरं) लागतं किंवा एसएसएच किल्ली (तुमची ओळख पटवणारी फायलींची जोडी). रोजच्या कामाला किल्ली सोयीची.

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

जागा विचारली की एंटर दाबा. पासफ्रेज टाकताना अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नसतो. दोन फायली तयार होतात. ज्या फाइलच्या शेवटी ‘.पब’ आहे तिच्यातला मजकूर गिटहबच्या सेटिंग्जमध्ये ‘एसएसएच अँड जीपीजी कीज’ इथे चिकटवायचा. दुसरी फाइल कोणालाही द्यायची नाही, गटातल्या मित्रालाही नाही. चौघांच्या चार किल्ल्या. मग तपासा: ‘एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम’, इथला टी मात्र मोठा. पहिल्या वेळी सर्व्हर ओळखीचा आहे का विचारतं, तेव्हा दाखवलेला ठसा गिटहबने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून ‘येस’ लिहा. तुमच्या नावाने नमस्कार आला की काम झालं. त्याच ओळीत ‘शेल मिळणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य असतं, ती चूक नव्हे.

वसतिगृहाच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर उत्तरच येत नसेल, तर बहुधा तिथे पोर्ट २२ बंद आहे. लॅपटॉपवरच्या होम फोल्डरमधल्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहब.कॉमसाठी होस्टनेम ‘एसएसएच.गिटहब.कॉम’ आणि पोर्ट ४४३ लिहिलं की वाट मोकळी होते.

## रेपो: एकाने काढायचा, तिघांनी क्लोन करायचा

नवा रेपो काढताना रीडमीवर (प्रकल्पाची माहिती देणारी फाइल) खूण करा आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींची यादी) पायथन निवडा. मग तो नवा रेपो लॅपटॉपवर क्लोन करून (पूर्ण प्रत उतरवून) आधीचा कोड त्यात आणून टाका. उलटं केलंत, म्हणजे लॅपटॉपवर ‘गिट इनिट’ आणि गिटहबवर रीडमीसकट वेगळा रेपो, तर दोन्हीकडे एकमेकांशी संबंध नसलेले दोन इतिहास तयार होतात आणि पहिलाच पुश नाकारला जातो.

सेटिंग्ज, कोलॅबोरेटर्स इथून तिघांना आमंत्रण पाठवा. ते सात दिवसांत स्वीकारलं नाही तर पुन्हा पाठवावं लागतं. खासगी रेपोलाही फुकट योजनेत हवे तितके सहकारी जोडता येतात. फोर्क (रेपोची स्वतःच्या खात्यात वेगळी प्रत) करायची गरज नाही. फोर्क परक्याच्या प्रकल्पात हातभार लावताना, तिथे लिहायची परवानगी नसते तेव्हा.

क्लोन करताना एसएसएचचा पत्ता घ्या, आणि वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह सिंक करतं त्या फोल्डरमध्ये क्लोन करू नका. विंडोजवर डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हमध्येच असतो. ड्राइव्ह ‘.गिट’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमधल्या फायलीही सिंक करू बघतं, आणि अर्धवट सिंकमुळे रेपो बिघडू शकतो.

कोड लिहिण्याआधी काय आत जाणार नाही ते ठरवा. व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटचं फोल्डर (प्रकल्पापुरत्या बसवलेल्या पायथन लायब्ररी, नाव बहुधा व्हेन्व), पायकॅश (पायथनने आपोआप बनवलेल्या फायली), आणि एपीआयच्या किल्ल्या (बाहेरच्या सेवा वापरायचे गुप्त कोड) ठेवलेली ‘.ईएनव्ही’ फाइल या तिन्ही गोष्टी ‘.गिटइग्नोर’मध्ये हव्यात. गिटइग्नोर फक्त अजून आत न गेलेल्या फायलींना लागू होतं. एकदा कमिट झालेलं फोल्डर नंतर यादीत लिहिलं तरी गिट त्याच्यावर लक्ष ठेवतच राहतं. तेव्हा ‘गिट आरएम -आर --कॅश्ड व्हेन्व’ देऊन ते गिटमधून काढा. डिस्कवरचं फोल्डर तसंच राहतं.

मोठ्या फायलींचं दुखणं जरा वेगळं. ५० एमबीच्या वर गिटहब इशारा देतं, १०० एमबीच्या वर पुश नाकारतं, आणि ब्राउझरमधून चढवायची मर्यादा २५ एमबी. लोक नकार आल्यावर फाइल डिलीट करतात, नवा कमिट करतात, पुन्हा पुश करतात आणि पुन्हा तोच नकार येतो. कारण फाइल पहिल्या जागेतून गेली, तिसऱ्या जागेतल्या जुन्या कमिटमध्ये ती बसलेलीच आहे, आणि पुश म्हणजे सगळे कमिट पाठवणं. चूक शेवटच्याच कमिटमध्ये असेल तर ‘गिट रीसेट --सॉफ्ट हेड~१’ द्या, इथला हेड (तुम्ही आत्ता ज्या कमिटवर आहात ती खूण) मोठ्या अक्षरांत. कमिट सुटतो, बदल दुसऱ्या जागी परत येतात. मग ती फाइल ‘गिट आरएम --कॅश्ड’ने बाहेर काढा, गिटइग्नोरमध्ये लिहा आणि नव्याने कमिट करा.

एपीआयची किल्ली चुकून पुश झाली तर आधी ती किल्ली जिथून घेतली तिथे जाऊन रद्द करा, मग इतिहास साफ करा. दरम्यान कोणी क्लोन केलं असेल तर त्याच्याकडची प्रत तुमच्या हातात नाही.

देवनागरी वापरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. फाइलचं नाव ‘दर.सीएसव्ही’ असं ठेवलं तर ‘गिट स्टेटस’मध्ये नावाऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात, ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ दिलं की नाव नीट दिसतं. एक्सेलमधून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. नुसता ‘सीएसव्ही’ निवडलात तर लासलगावच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात. मात्र यूटीएफ-८ निवडल्यावर एक्सेल फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं आणि पहिल्या रकान्याचं नाव पायथनला सापडेनासं होतं. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. तिसरी गोष्ट: मराठी रीडमी लिहिताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्या. गिट ओळीओळीने तुलना करतं. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर एका वेलांटीसाठी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो.

विंडोज आणि मॅक दोन्ही वापरणारे गटात असतील तर ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही एक ओळ टाका. ओळीचा शेवट दोन्हीकडे वेगळ्या खुणेने होतो, आणि हे न केल्यास कोणी एक शब्द बदलला तरी पूर्ण फाइल बदललेली दिसू शकते.

## रोजचं काम

ब्रँच म्हणजे कामाची वेगळी फांदी, आणि मेन ही मुख्य फांदी. मेन ब्रँचवर थेट काम करायचं नाही, हा गटाचा पहिला नियम. दर वेळी क्रम असा:

गिट स्विच मेन
गिट पुल
गिट स्विच -सी रिकामे-दर

मग कोड लिहा आणि कमिटच्या आधी ‘गिट स्टेटस’ वाचा. वाचा म्हणजे खरंच वाचा. त्यात तीन गट दिसतात: कमिट होणार असलेले बदल, म्हणजे दुसरी जागा, स्टेज न केलेले, म्हणजे पहिली, आणि गिटला अजून माहीतच नसलेल्या फायली. सवयीने ‘गिट ॲड’पुढे टिंब देऊन सगळंच आत ढकललं की ‘.ईएनव्ही’सारखी फाइल नकळत जाते. फायलींची नावं देऊन ॲड करा.

याच स्टेटसमध्ये एक फसवी ओळ असते: तुमची ब्रँच ओरिजिन/मेनच्या (गिटहबवरच्या मेनच्या) बरोबरीला आहे. मित्राने पाच मिनिटांपूर्वी पुश केलेलं असतं आणि ही ओळ तरीही तेच म्हणते. स्टेटस इंटरनेटवर जात नाही. गिटहबशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा जे कळलं होतं तेच सांगतं. आधी ‘गिट फेच’ द्या, मग त्या ओळीवर विश्वास ठेवा.

कमिटचा संदेश ‘अपडेट’, ‘चेंजेस’ असा नको. ‘लासलगावचे दर रिकामे आले तरी पान कोसळू नये’ असा लिहिला तर दोन महिन्यांनी व्हायव्हाच्या आदल्या रात्री तो उपयोगी पडतो. मराठीत लिहिला तरी गिटची हरकत नसते. काय बदललं ते गिट दाखवतंच, का बदललं ते तुम्हीच सांगायचं.

पहिल्या पुशला ‘गिट पुश -यू ओरिजिन रिकामे-दर’. मग गिटहबवर पुल रिक्वेस्ट उघडा, सगळे पीआर म्हणतात ती. वर्णनात काय केलं, कसं तपासायचं, आणि पान बदललं असेल तर त्याचं चित्र. इश्यू (करायच्या कामाची गिटहबवरची नोंद) क्रमांक १२ साठीचं काम असेल तर वर्णनात ‘क्लोजेस #१२’ लिहा, शब्द रोमन लिपीत आणि आकडा इंग्रजी. पीआर मेनमध्ये मर्ज झाली (मिसळली) की इश्यू आपोआप बंद होतो. तपासायला एकालाच सांगा. तिघांना सांगितलं की तिघंही दुसऱ्याची वाट बघतात. आणि पीआर दोन-तीनशे ओळींच्या पुढे नेऊ नका. त्यापुढे तपासणारा वाचत नाही, नुसता अंगठा दाखवतो.

मर्ज करताना ‘स्क्वॉश अँड मर्ज’ घ्या, नवख्या गटाला तेच बरं: ब्रँचमधले ‘चूक दुरुस्त’, ‘पुन्हा दुरुस्त’ असे आठ कमिट मेनवर एकच होऊन जातात. पण याचे दोन परिणाम माहीत असू द्या. स्क्वॉशमध्ये मेनवर नवाच कमिट जन्मतो, त्यामुळे जुनी ब्रँच ‘गिट ब्रँच -डी’ने काढायला गेलात तर ती पूर्ण मर्ज झालेली नाही अशी तक्रार गिट करू शकतं. गिटहबवर पीआर मर्ज झाल्याची खात्री करून मोठ्या डी ने काढा. दुसरं, त्याच जुन्या ब्रँचवर पुढचं काम सुरू करू नका. तिथले जुने कमिट आणि मेनवरचा नवा कमिट गिटला वेगवेगळे वाटतात, आणि आपल्याच कामाशी आपलाच कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) येतो. नवं काम, नवी ब्रँच.

मेनवर थेट पुश बंद करणारा नियम सेटिंग्जमध्ये लावता येतो. फुकट योजनेत तो फक्त सार्वजनिक रेपोला लागू होतो. खासगी रेपोत तो लिहिला तरी पाळला जात नाही. तिथे चौघांची शिस्तच कामाला येते.

## कॉन्फ्लिक्ट आला म्हणजे

एकाच ओळीत दोघांनी दोन वेगळे बदल केले की गिट निर्णय तुमच्यावर सोडतं. आपल्या ब्रँचवर राहून ‘गिट फेच’ आणि ‘गिट मर्ज ओरिजिन/मेन’ दिल्यावर फाइलमध्ये असं दिसतं:

<<<<<<< हेड
दाखवायचा_दर = किमान_दर
=======
दाखवायचा_दर = सरासरी_दर
>>>>>>> ओरिजिन/मेन

वरचा भाग तुमचा, खालचा मेनवरून आलेला. मर्जऐवजी रीबेस (आपले कमिट मेनच्या टोकावर पुन्हा बसवणं) करत असाल तर हे उलटं होतं, वर मेनचं आणि खाली तुमचं; इथे अनुभवी माणसंही चुकीची बाजू पुसतात. व्हीएस कोड ‘दोन्ही ठेवा’ असं बटण देतं. ते इथे दाबलंत तर दोन्ही ओळी राहतात, प्रोग्रॅम चालतो, आणि खालची ओळ वरचीला गुपचूप खाऊन टाकते. दर किमान दाखवायचा की सरासरी, हे कोडला विचारून कळणार नाही. ज्याने दुसरी ओळ लिहिली त्याला फोन करा.

ठरलं की हवी ती ओळ ठेवून खुणांच्या तिन्ही ओळी पुसा, ॲप चालवून बघा, मग ‘गिट ॲड’ आणि ‘गिट कमिट’. मध्येच गोंधळ वाटला तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ने मर्जच्या आधीची स्थिती परत येते, मात्र मर्ज सुरू करण्याआधी सगळं कमिट केलेलं असू द्या.

कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. एकाने फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये जुन्या नावाने ते वापरलं, तर मर्ज सुरळीत होतो आणि ॲप मरतं. त्यासाठी गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर आपोआप कामं चालवायची सोय) प्रत्येक पीआरला टेस्ट चालवणारी एक छोटी यामल फाइल (सूचनांची साधी मजकूर फाइल) ठेवा. सार्वजनिक रेपोला हे फुकट, खासगीला फुकट योजनेत महिन्याला २,००० मिनिटं. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच हव्यात. पहिल्या अपयशाचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

## फसलं तर

पुश नाकारला आणि आधी फेच करा म्हणाला, तर गिटहबवर तुमच्याकडे नसलेले कमिट आहेत. ‘गिट पुल --रीबेस’ आणि पुन्हा पुश. अशा वेळी कोणीतरी ‘--फोर्स’ सुचवतं. फोर्स म्हणजे चौथ्या जागेवरचं मित्राचं काम बाजूला सारून आपलं बसवणं. स्वतःच्या एकट्याच्या ब्रँचवर कधी लागलंच तर ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरा. मध्ये कोणी पुश केलं असेल तर ते सहसा अडवतं.

चुकून मेनवर कमिट झाला, पण पुश झालेला नाही: तिथेच ‘गिट स्विच -सी नवी-ब्रँच’ द्या, कमिट नव्या ब्रँचवर सुरक्षित राहतो. मग मेनवर जाऊन ‘गिट रीसेट --हार्ड ओरिजिन/मेन’. हार्डच्या आधी स्टेटस बघा, कमिट न केलेलं सगळं त्यात जातं. चुकीचा कमिट मेनवर पुशही झाला असेल तर रीसेट नको, ‘गिट रिव्हर्ट’ वापरा. ते उलटा बदल करणारा नवा कमिट करतं आणि बाकी तिघांचा इतिहास मोडत नाही.

कमिट हरवल्यासारखा वाटला तर ‘गिट रीफ्लॉग’. हेड कुठे कुठे फिरला त्याची नोंद तिथे असते, आणि कुठल्याच ब्रँचवर नसलेला कमिटही नेहमीच्या सेटिंगमध्ये निदान ३० दिवस सापडतो. तिसऱ्या जागी पोचलेलं काम सहजासहजी मरत नाही. पहिल्या जागेवरचं, कधी ॲडही न केलेलं काम ‘गिट रीस्टोअर’ने पुसलं तर ते गिटकडून परत मिळत नाही.

लॅपटॉप कमी ताकदीचा असेल तर गिटहबच्या कोडस्पेसेसमध्ये (क्लाउडवरच्या यंत्रावर) अख्खं काम ब्राउझरमधून होतं. वैयक्तिक फुकट खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर ६० तास. अर्धा तास हालचाल नसेल तर यंत्र थांबतं, आणि ३० दिवस न वापरलेली कोडस्पेस काढून टाकली जाते. इथे एक गैरसमज हमखास होतो: काम क्लाउडवर आहे म्हणजे गिटहबवर आहे. नाही. कोडस्पेस म्हणजे दुसऱ्याच्या खोलीतला लॅपटॉप. तिथेही पहिल्या तीन जागा असतात आणि पुश करावाच लागतो.

प्रकल्प जमा करायच्या दिवशी मेनवर येऊन ‘गिट टॅग -ए व्ही१.०’ द्या, म्हणजे त्या कमिटला कायमचं नाव मिळतं. टॅग नुसत्या ‘गिट पुश’ने जात नाही, तो तिसऱ्याच जागी बसून राहतो, ‘गिट पुश ओरिजिन व्ही१.०’ वेगळं द्यावं लागतं. मग गिटहबवर त्या टॅगवरून रिलीज काढा. त्या पानावर झिप आपोआप तयार असते, गाइडना तिचीच लिंक पाठवा. रेपो खासगी असेल तर त्याआधी त्यांना सहकारी म्हणून जोडा, नाहीतर त्यांना ४०४ दिसेल.